ढोपर सरकलं की वाटी?

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलं आहे : फुटबॉल खेळताना मुलाचा पाय पिळवटला. सासूबाई म्हणाल्या ‘ढोपर सरकलं’, डॉक्टर म्हणाले ‘वाटी सरकली’, कागदावर लिहिलं ‘पटेला’. ही तिन्ही एकाच गोष्टीची नावं का? आणि ‘ढोपर’ मराठी की कोकणीतून घेतलेला?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ढोपर मराठीच. शेजारच्या कोकणीत ते धोंपर होतं, पण म्हणून कोणी कोणाकडून उचललं असं होत नाही; बहिणींच्या घरात एकसारखी भांडी असतातच. कोकणीत याच जागेला दिंबी हाही शब्द आहे. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, दिंबी घालतात, देवळात आपण गुडघे टेकतो. घाटावरच्या माझ्या एका मैत्रिणीच्या तोंडी मात्र ढोपर म्हणजे हाताचं कोपर. तिचं ‘ढोपर खरचटलं’ ऐकून मी तिच्या पायाकडे बघत राहिले होते.

आता मुख्य प्रश्न. माझ्या कानाला गुडघा आणि ढोपर यांत फरक जाणवतो. गुडघा हा अख्खा सांधा : दुखतो, सुजतो, पावसाळ्यात कुरकुरतो. ढोपर म्हणजे पाय दुमडल्यावर पुढे येणारा टोकदार भाग, जो सायकलवरून पडल्यावर सोलवटतो. म्हणून जखम ढोपराला, संधिवात गुडघ्याला. वाक्प्रचारांत मात्र गुडघ्याचीच चलती. उतावळा नवरा गुडघ्यालाच बाशिंग बांधतो, ढोपराला बांधलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

वाटी हे या दोहोंपेक्षा नेमकं नाव, कारण ते एका हाडाचं आहे. गंमत अशी की लॅटिनमध्येही ‘पटेला’चा अर्थ लहानशी थाळी. म्हणजे डॉक्टरांनी तोंडाने जे सांगितलं तेच कागदावर दुसऱ्या भाषेत लिहिलं. पोर्तुगीजांनी मात्र याच हाडाला चाक म्हटलं : त्यांचा जुना शब्द ‘रोतुला’, म्हणजे छोटं चाक. पणजीत 1842 साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या जुन्या डॉक्टरांचं शिक्षण पोर्तुगीजमधून झालं, तेव्हा आपल्या आजीची वाटी त्यांच्या वहीत चाक झाली असणार. मला विचाराल तर वाटीच सरस. हाड चपटं, त्रिकोणी, टोक खाली असलेलं आहे खरं. पण कातडीवरून हात फिरवला की पालथी वाटीच लागते.

हात फिरवूनच बघा. सोप्यावर पाय लांब करून बसा आणि मांडी सैल सोडा. वाटी दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे थोडी हलवता येते. पाय दुमडला की ती मांडीच्या हाडाच्या खाचेत जाऊन बसते आणि हलेनाशी होते. वाटीच्या टोकापासून एक जाड पट्टा खाली जातो आणि नडगीच्या वरच्या टोकाशी एका उंचवट्याला चिकटतो. या उंचवट्याला बोलीत वेगळं नाव माझ्या कानावर आलेलं नाही, आणि ही उणीवच म्हणायची, कारण ताठ राहून दिंबी घातली की बराचसा भार तिथेच येतो. बाहेरच्या अंगाला, थोडं खाली, आणखी एक गोटीसारखं टोक लागतं. ते पोटरीकडच्या बारीक हाडाचं डोकं. गुडघ्याच्या सांध्यात त्याचा वाटा नाही. गुडघ्यामागच्या खळग्याला मात्र छान शब्द आहे : लवण.

हाडांची रांगही बोटाने कळते. खुबे रुंद, गुडघे जवळ, म्हणून मांडीचं हाड वरून खाली येताना आत कलतं. नडगी मात्र जवळजवळ सरळ उभी. त्यामुळे मांडीचा स्नायू वाटीला वर ओढताना थोडा बाहेरही ओढतो. कमरेच्या पुढच्या हाडापासून वाटीच्या मध्यावर आणि तिथून त्या उंचवट्यावर रेघ काढली तर जो कोन होतो, तो पुरुषांत साधारण 14 अंश, बायकांत 17 च्या आसपास असतो. वाटी सरकते ती बहुतेकदा बाहेरच्या बाजूला, त्यामागे ही ओढ आहे.

(जाता जाता : संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्याखालचा पाय. मराठीत येईपर्यंत ती चढत चढत जांघ झाली. उलट, हिंदीचा घुटना आणि आपला घोटा एकाच कुळातले, पण एक गुडघ्यावर राहिला, दुसरा पावलाशी. शरीर तेच, शब्दच जागा सोडतात.)

तेव्हा ताई, सासूबाईंचं बोट योग्य जागी होतं, क्रियापद मात्र जपून वापरावं. वाटी सरकणं वेगळं आणि गुडघा निखळणं वेगळं. निखळतो तेव्हा मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांपासून सुटतं, आणि लवणीतून जाणारी मोठी रक्तवाहिनी फाटू शकते. त्यात क्षणाचाही उशीर परवडत नाही. वाटी पुष्कळदा पाय सरळ करताना आपोआप जागेवर येते, आणि डॉक्टरांपुढे पोचेपर्यंत दाखवायला फक्त सूज उरते. म्हणून पुढच्या वेळी नुसतं ‘ढोपर गेलं’ न म्हणता सांगा : ‘वाटी बाहेरच्या बाजूला गेली होती, पाय सरळ केल्यावर परत बसली.’

ढोपर शब्द घरात खुशाल वापरा.