घराजवळचा बेस की ठरलेली तारीख?

पत्र : "आम्ही कळव्यात राहतो. मुलगी 24 वर्षांची आहे. कमर्शियल पायलट लायसन्स झालं, एअरबस ए-320चं टाइप रेटिंगही (ते ठरावीक विमान उडवायची पात्रता) स्वतःच्या खर्चानं केलं, आणि नंतर 14 महिने घरी बसली. कर्जाचा हप्ता 62 हजार. आता एकाच महिन्यात दोन ऑफर लेटर आली आहेत. पहिली कंपनी मोठी. ए-320 विमान, पगार 1 लाख 25 हजार, पुढच्या महिन्याच्या 12 तारखेला रुजू, बेस (ड्युटी सुरू होते ते शहर) देशात कुठेही, तीन वर्षांचा बाँड. दुसरी लहान आणि नवीन. एटीआर विमान (पंख्यांचं, छोटं), पगार 1 लाख 60 हजार, बेस नवी मुंबई, एटीआरचं टाइप रेटिंग कंपनीच्या खर्चानं आणि त्यासाठी पाच वर्षांचा बाँड. मला आणि मुलीला दुसरी बरी वाटते, घरी तरी राहील. तिचे बाबा म्हणतात, मोठीच धरायची. दोन्ही पत्रांच्या प्रती जोडल्या आहेत. काय करावं?"

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात दुसऱ्या कंपनीची रुजू व्हायची तारीख दिसली नाही, तेव्हा वाटलं लिहायची राहून गेली असेल. म्हणून त्यांचं ऑफर लेटर उघडलं, तर तिथेही नाही. 'विमानांच्या उपलब्धतेनुसार कळवण्यात येईल' एवढीच ओळ. माझ्यापुरता निम्मा निकाल त्या ओळीनंच लागला.

बँकेत किंवा आयटीत महिनाभर उशिरा रुजू झालं तर महिन्याचा पगार बुडतो, बाकी फार काही बिघडत नाही. पायलटचं तसं नाही. तिथे सिनिऑरिटीचा नंबर असतो, आणि तो बहुतेक ठिकाणी रुजू होण्याच्या तारखेवर ठरतो. आवडीचा बेस, दिवाळीची सुट्टी, पुढे कॅप्टन व्हायची पाळी, सगळं त्या नंबरावर. कंपनी बदलली की नंबर तिथेच राहतो आणि नव्या ठिकाणी रांगेत शेवटी उभं राहावं लागतं. बरोबर येतात ते फक्त लॉगबुकातले तास. तुमच्या मुलीचे तास आज दोनशेच्या थोडे वर असतील. एटीपीएल, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणारं लायसन्स, त्याला 1500 लागतात. लाइनवर रिलीज झालेला, म्हणजे ट्रेनिंग संपवून नेहमीच्या उड्डाणांवर लागलेला फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) महिन्याला 60 तास उडाला, तर सहा महिन्यांत 360 तास जमतात. 'विमानं आली की कळवू' यात असेच सहा महिने जाऊ शकतात.

हे ऐकीव नाही. डोंबिवलीचा एक मुलगा माझ्याकडे येऊन गेला होता. मुंबई बेस मिळतोय म्हणून त्यानं हातातली ऑफर सोडली आणि दुसऱ्या कंपनीची वाट बघत बसला. भाडेतत्त्वावरची विमानं उशिरा आली, सात महिने गेले. तोवर पहिल्या कंपनीची ती बॅच ट्रेनिंग संपवून उडायलाही लागली होती.

आता पगार. 1 लाख 60 हजारांच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय, '70 उड्डाण तासांवर आधारित, कमी तासांस त्या प्रमाणात'. महिन्यात 45 तासच मिळाले तर हातात येणार सुमारे 1 लाख 3 हजार. मोठ्या कंपनीचे 1 लाख 25 हजार 40 तासांपर्यंत ठरलेले आहेत, वरच्या प्रत्येक तासाला 1800 वेगळे. म्हणजे त्याच 45 तासांचे तिथे 1 लाख 34 हजार. सुरुवातीला, विमानं कमी असताना, 70 तास दर महिन्याला मिळतील असं धरून 62 हजारांचा हप्ता आखू नका. ट्रेनिंग संपेपर्यंत दोन्हीकडे स्टायपेंडच आहे, तेही हिशेबात घ्या.

बेसबद्दल तुमचं मन मला कळतं. नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून उड्डाणं सुरू झाली, आणि तेव्हापासून ठाणे-कळवा-ऐरोलीच्या आयांची हीच मागणी असते. पण 'घरी राहील' म्हणजे काय ते एकदा बघा. पहाटे 5.50चं विमान असेल तर साधारण तासभर आधी रिपोर्टिंग. गाडी कळव्यात साडेतीनच्या आत दारात. विटावा, ऐरोली, बेलापूर, उलवे. जुलैत विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबलं की ड्रायव्हर गाडी फिरवून नेणार, म्हणून आणखी अर्धा तास आधी. म्हणजे तुम्ही जाग्या, बाबा जागे, ती झोपेत चालल्यासारखी जिना उतरतेय. दुपारी येऊन झोपणार, आणि महिन्यातल्या कितीतरी रात्री दुसऱ्या शहरातल्या हॉटेलात. हे वाईट आहे असं नाही, पण डोळ्यांसमोर आलेलं घर आणि रोस्टरमधलं घर वेगळं असतं. शिवाय त्याच पत्राच्या सहाव्या पानावर लिहिलंय, 'कंपनीच्या गरजेनुसार बेस केव्हाही बदलता येईल'. ज्या बेससाठी पाच वर्षं बांधून घ्यायची, तो बेसच बांधलेला नाही.

बाबांनाही थोडं सांगायचंय. मोठी कंपनी म्हणजे सरकारी नोकरी नव्हे. जेट एअरवेज लहान नव्हती, 17 एप्रिल 2019 ला तिचं शेवटचं विमान उडालं. गो फर्स्ट मे 2023 मध्ये थांबली. इंजिनं वेळेवर न मिळाल्यानं निम्म्याच्या आसपास विमानं जमिनीवर बसली, असं कंपनीचं म्हणणं होतं. दोन्हीकडच्या पायलटांना कामी आले ते तास आणि हातातलं रेटिंग. म्हणूनच मला पहिली ऑफर बरी वाटते. तिच्याकडे ए-320चं रेटिंग आहे, त्यासाठी घर गहाण पडलंय, आणि देशात ए-320 जातीची विमानं भरपूर आहेत. ते रेटिंग वापरलं नाही तर शिळं होत जातं, पुन्हा सिम्युलेटरवर उभं राहावं लागतं. एटीआरला मी कमी लेखत नाही. छोट्या धावपट्ट्या, पावसाळी हवा, दिवसाला चार-चार लँडिंग, हात चांगला बसतो. लहान कंपनीत कमांड, म्हणजे कॅप्टनपदही लवकर मिळू शकतं. तिच्याकडे कुठलंच रेटिंग नसतं आणि पत्रावर तारीख असती, तर मी कदाचित उलट लिहिलं असतं.

'दोन्हीकडे हो म्हणून ठेवू का?' असं तुम्ही विचारलं नाहीत, पण बरेच पालक विचारतात, म्हणून सांगते. नको. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) 2017च्या नियमाप्रमाणे फर्स्ट ऑफिसरला नोकरी सोडताना सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कॅप्टनला वर्षाची. वर बाँडची रक्कम. आज इकडे, उद्या तिकडे असं इथे चालत नाही.

घाबरून सही करू नका मात्र. सध्या पारडं तुमच्याकडे थोडं झुकलेलं आहे. पायलटांची आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 वर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, आणि डिसेंबर 2025 मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीला हजारो उड्डाणं रद्द करावी लागली, कारण नव्या नियमांपुढे पायलट पुरले नाहीत. प्रश्न विचारले म्हणून कोणी ऑफर मागे घेत नाही. मोठ्या कंपनीच्या एचआरला मुलीनं स्वतः मेल करावा, तुम्ही किंवा बाबांनी नाही. बाँडची तीन वर्षं रुजू झाल्यापासून मोजणार की लाइनवर रिलीज झाल्यापासून? यात आठ-दहा महिन्यांचा फरक पडू शकतो. ट्रेनिंगमध्ये नापास झाली तर रक्कम कोण भरणार? वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरून लायसन्स गेलं, तर त्यासाठीचा लॉस ऑफ लायसन्सचा विमा कंपनीचा आहे का? गरोदरपणात उड्डाण बंद असतं, तेव्हा जमिनीवरचं काम आणि पूर्ण मूळ पगार मिळेल का? (पत्राच्या शेवटी तुम्ही लग्नाचंही लिहिलंय. स्थळांना पगाराचा आकडा सांगताना उड्डाण भत्ता धरू नका, एवढंच सुचवते. बाकी तो माझा विषय नाही.)

एक गोष्ट मात्र मला खटकली. मोठ्या कंपनीच्या बाँडवर, नवव्या पानावर, जामीनदाराची जागा कोरी आहे आणि तिथे बाबांनी पेन्सिलीनं स्वतःचं नाव लिहून ठेवलंय. रक्कम 15 लाख. शिक्षणाच्या कर्जालाही जामीन तेच आहेत, घरही त्यातच अडकलंय. कंपनी दुसरा जामीनदार घेते का, किंवा वर्षागणिक रक्कम कमी होते का, हे आधी विचारून घ्या. उत्तर येईपर्यंत त्या पेन्सिलीवर पेन फिरवू नका. शनिवारी सकाळी अकरापर्यंत मी ऑफिसात असते, ते पान घेऊन बाबांनाच पाठवा.