वाचकांचे प्रश्न : जुना ऑफसेट स्मोकर घ्यावा का, घेतल्यावर काय करावं?

प्रश्न : ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. वापरलेला ऑफसेट स्मोकर २५० डॉलरला मिळतोय. बाहेरून पूर्ण गंजलाय, मालक म्हणतो नुसता रंग मारा. काय तपासून घेऊ?

ऑफसेट स्मोकर म्हणजे धुरावर मांस शिजवायचं लोखंडी पिंप: जाळ बाजूच्या डब्यात (फायरबॉक्स), मांस मोठ्या पिंपात (चेंबर). गंजाचं नंतर बघू, आधी पत्र्याची जाडी बघा. झाकण उघडून त्याच्या कडेला व्हर्नियर कॅलिपर लावा. पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास भरला, तर वरून कितीही लालभडक दिसो, सौदा सोडू नका. एवढ्या जाडीचा नवा स्मोकर हजार डॉलरच्या आत क्वचितच येतो. तीन मिलिमीटर भरला तर घासाघीस करून घ्या. दीड-दोन मिलिमीटरचा, तोही गंजलेला, फुकट मिळाला तरी नको. पातळ पत्रा उष्णता धरत नाही. वारा सुटला की तापमान घसरतं, लाकूड जास्त जळतं आणि फायरबॉक्सचं दार वाकतं.

नुसत्या नावावर जाऊ नका. ‘ओक्लाहोमा जोज’ हे नाव १९८७ पासूनचं. सुरुवातीला ओक्लाहोमातल्या पेरी गावी बनलेले त्यांचे स्मोकर जाड लोखंडी पाइपचे होते, लोक अजून शोधत फिरतात. पुढे कंपनी दुसऱ्यांकडे गेली आणि त्याच नावाने दुकानांत आलेले स्मोकर बरेच पातळ आहेत. कॅलिपर लावला की कोणता ते कळतं.

मग फायरबॉक्सचा तळ. स्मोकर मरतो तो इथूनच. राख काढली नाही की ती हवेतली ओल धरून बसते, तिच्यातले क्षार लोखंड खातात. ह्यूस्टनच्या दमट हवेत तर जास्तच. राख पूर्ण उपसून तळाला, विशेषतः कोपऱ्यांना, हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर उत्तम. बद्द आवाज आला किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक रुतलं, तर तळ गेला. जाड स्मोकरचा तळ बदलता येतो, म्हणून नाही म्हणू नका, पण वेल्डरची मजुरी किमतीतून वजा करून मागा.

आणि टेम्पोची, माणसांची सोय आधी करा. २० इंच व्यासाच्या, पाव इंच जाड पत्र्याच्या पाइपचं वजन फुटाला ५० पौंडांहून जास्त भरतं. चार फुटी चेंबरचा नुसता पाइपच २०० पौंडांच्या वर गेला. फायरबॉक्स, झाकण, चाकं वेगळी.

प्रश्न : स्मोकर घरी आणला. गंज, जुनी चरबी, उडालेला रंग, सगळंच आहे. कुठून सुरुवात करू? आतूनही रंग द्यायचा का? (डॅलस)

आतून रंग नाही, प्रायमर नाही, गंज-रोधक रसायनही नाही. आत फक्त तेल.

क्रम असा ठेवा. आधी चरबीचा थर पट्टीने खरवडून काढा. हे न करता मोठा जाळ केलात तर तीच चरबी पेट घेईल. पेटलीच तर झाकण उघडू नका. हवेचं दार आणि चिमणी दोन्ही बंद करा, पाणी मारू नका. खरवडून झालं की लाकडाचा जाळ करून चेंबर ४५० अंश फॅरनहाइटपर्यंत (२३० सेल्सिअस; पुढचे सगळे अंश फॅरनहाइटच) तासभर तापवा. राहिलेली चरबी कोरडी होऊन पापुद्रे सुटतात, गार झाल्यावर ते ब्रशने निघतात.

गंजासाठी साडेचार इंची ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावा. तारा सुटून उडतात, त्यामुळे गॉगल, मास्क आणि जाड कपडे हवेतच. जुनी टाकी कापून घरी बनवलेला स्मोकर असेल तर रंगात शिसं आहे का, ते टेस्ट किटने आधी बघा. असेल तर त्यावर ग्राइंडर चालवू नका.

लोखंड उघडं पडलं की बाहेरची बाजू अॅसिटोनने पुसा आणि त्याच दिवशी रंग द्या. रात्रभर ठेवलंत तर सकाळी पिवळसर गंजाची झाक दिसेलच. फायरबॉक्सला १२०० अंश सोसणाऱ्या रंगाचा स्प्रे घ्या. दोन-तीन पातळ हात पुरतात. जाड हात दिला की पोपडे येतात. रंग पक्का करताना जाळ डब्यावरच्या सूचनेप्रमाणे हळूहळू वाढवा. फायरबॉक्सच्या माथ्यावरचा रंग तरीही वर्ष-दोन वर्षांत उडतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिथे स्मोकर गरम असताना तेलाची चिंधी फिरवत राहणं सोपं.

आत कॅनोला तेल चोळा, मग कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढा. उरतो तेवढाच थर हवा, जास्त राहिला तर चिकट होतो. २७५ ते ३०० अंशांवर दोन-तीन तास ठेवा.

जाळ्या साध्या लोखंडाच्या असतील तर प्लॅस्टिकच्या टबात बॅटरी चार्जरने गंज काढता येतो. गॅलनभर पाण्याला चमचाभर वॉशिंग सोडा, चार्जरची ऋण बाजू जाळीला, धन बाजू भंगार लोखंडाला. स्टेनलेस स्टील धन बाजूला कधीच नाही. विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करा. क्रोमचा मुलामा उडालेली जाळी मात्र सरळ फेका. नवी बनवून घेताना जीआय नको, जस्ताचा थर तापणं चांगलं नाही.

फायरबॉक्सच्या तळाला ठिगळ लावायचं तर चांगलं लोखंड लागेपर्यंत सडका भाग कापा, मग पाव इंची प्लेट वेल्ड करा. सडक्या पत्र्यावरच प्लेट ठेवली तर वेल्डिंग करताना भोकं पडतात. पुट्टी-बिट्टी भरून चालणार नाही.

प्रश्न : झाकणातून धूर निघतो. दोरीचं गास्केट लावू का? (ऑस्टिन)

फट किती, ते आधी बघा. डॉलरची नोट झाकणात धरून ओढा. अडकत अडकत आली तर काहीच करू नका, काजळी बसून फट आपोआप बुजते. सहज सुटली तर पाव इंचाच्या आतल्या फटीला अर्धा इंच रुंद नोमेक्सची (उष्णता सोसणाऱ्या कापडाची) पट्टी पुरते. पट्टी अॅसिटोनने पुसलेल्या कोरड्या लोखंडावरच चिकटते. त्याहून मोठी फट म्हणजे झाकण वाकलेलं किंवा बिजागरी सरकलेली, ते आधी दुरुस्त करा. शेगडीची फायबरग्लास दोरी अन्नाच्या बाजूला नको.

प्रश्न : धूर कडू लागतो आणि एका टोकाचं मांस करपतं. (ह्यूस्टन)

चिमणी पूर्ण उघडी ठेवा, ताप फायरबॉक्सच्या हवेच्या दाराने सांभाळा. पोस्ट ओकची (स्मोकरमध्ये जाळायच्या ओक लाकडाची) फोडी मधोमध फाडून आतल्या बाजूला मॉइश्चर मीटर लावा; २० टक्क्यांच्या वर असेल तर अजून वाळू द्या. फोडी मनगटाएवढ्या ठेवा. लहान, स्वच्छ जाळ हवा. धुमसणारं लाकूडच कडवटपणा देतं.

करपण्याचं कारण बहुधा थर्मामीटरची जागा. तो झाकणात उंच बसवलेला, मांस खाली. जाळीवर दोन्ही टोकांना डिजिटल प्रोब ठेवून बघा. फायरबॉक्सकडचं टोक पन्नासएक अंशांनी गरम निघालं तर त्या तोंडाशी तिरपी लोखंडी पट्टी बसवून जाळ खाली वळवा.

प्रश्न : घरात अर्धे लोक शाकाहारी. आधीच्या मालकाने त्यात ब्रिस्केटच (गोमांस) केलंय. (प्लेनो)

वर सांगितलेला मोठा जाळ केल्यावर जुनी चरबी उरत नाही, तरी जाळ्या नव्या घ्या आणि शाकाहारासाठी एक वेगळी ठेवा. एकाच वेळी दोन्ही शिजवणार असाल तर भाज्या वरच्या जाळीवर. मांसाचं गळणं त्यांच्यावर येत नाही. पनीर २२५ अंशांवर अर्धा-पाऊण तास पुरे. भरताचं वांगं चेंबरमध्ये टाकू नका, तिथे ते तासन्‌तास नुसतं मऊ होतं आणि साल काळी पडत नाही. फायरबॉक्समध्ये जाळ ओसरून निखारे झाले की थेट त्यावर ठेवा आणि वीसएक मिनिटं फिरवत राहा.