बारा गावचं पाणी प्यायलेला कोच

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही रावेर तालुक्यातले, घरची केळी. पोऱ्या बारावीला आहे, शाळेकडून बास्केटबॉल खेळतो, विभागापर्यंत जाऊन आला, उंची पाच फूट दहा. त्याने मोबाइलवर कुठल्यातरी अमेरिकन खेळाडूबद्दल वाचलं, तो म्हणे दहा-बारा वर्षं या टीममधून त्या टीममध्ये, या देशातून त्या देशात खेळत फिरला आणि आता एका हायस्कूलमध्ये कोच आहे. तेव्हापासून हा म्हणतो मला पण हेच करायचंय. त्याचे काका म्हणतात, एवढं जग फिरून शेवटी पीटीचा मास्तरच झाला ना. काय करू?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, काकांचं वाक्य मला लागलं, कारण मी स्वतः भुसावळच्या सिमेंटच्या कोर्टावर खेळलेला आणि पुढे शाळेतल्या पोरांना शिकवणाराच माणूस आहे. पण आधी त्या खेळाडूचं आयुष्य कसं असतं ते समजून घ्या.

एनबीए म्हणजे अमेरिकेची सगळ्यात मोठी बास्केटबॉल लीग. तिच्यात 30 टीम, एका टीमला साधारण 15 पक्के खेळाडू, म्हणजे सगळ्या जगातून साडेचारशे जागा. त्यातले स्टार मूठभर. बाकीचे कायम दारात उभे. तिथे दहा दिवसांचा करार पण असतो, खरंच दहा दिवसांचा, एका सीझनमध्ये एका टीमकडून असे दोनच मिळतात, मग एक तर सीझन संपेपर्यंत ठेवा नाहीतर सोडा. नाही ठेवलं की जी-लीग, म्हणजे एनबीएच्या खालची लीग, ते नाही तर तुर्कस्तान, फिलिपिन्स, जिथून फोन येईल तिथे बॅग उचलून जायचं. तुम्ही केळीवाले आहात, व्यापारी भाव ठरवून जातो आणि घड कापायच्या दिवशी गाडीच येत नाही, तसंच तिकडे क्लबचा पगार थकतो. हे इतकं होतं की खेळाडू आणि क्लबांच्या भांडणांसाठी फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, 2007 मध्ये वेगळा लवादच काढला.

ईश स्मिथ नावाचा एक गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा खेळाडू, जेमतेम सहा फूट, 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याला कुणीच घेतलं नाही, आणि तो एनबीएतल्या 13 टीमकडून खेळला, तो विक्रमच आहे, तेरावी टीम डेन्व्हर आणि तिच्यासोबत 2023 ला चॅम्पियन. तो कोच झाला म्हणून हे सांगत नाहीये, पण प्रत्येक नव्या टीममध्ये दोन-तीन दिवसांत सगळे प्ले, म्हणजे ठरवलेल्या चाली, पाठ करायचे, कोण कुठून कट मारतो, कुणाला बॉल कुठे हातात लागतो हे ओळखायचं, आणि हे सगळं करून रोज पाच मिनिटंच खेळायला मिळणार हे मान्य करायचं, असा माणूस खेळ किती बारकाईने बघत असेल विचार करा.

आणि हायस्कूलच्या कोचला नेमकं हेच लागतं. अमेरिकेत शाळेची मॅच 32 मिनिटांची, एनबीएची 48, तीन पॉइंटची रेघ शाळेत सहा मीटरच्या जरा पुढे तर एनबीएत सव्वासातजवळ. म्हणजे मोठ्यांचा खेळ जसाच्या तसा पोरांवर लादता येत नाही, सोपा करून द्यावा लागतो. शिवाय 12 पोरांमधली सात बेंचवर असतात. मी नववीत असताना आमचे सर स्वतः नावाजलेले खेळाडू होते, पण बेंचकडे त्यांनी कधी वळून बघितलं नाही, मी अख्खा सीझन बसून काढला आणि का बसलोय हे मला कुणी सांगितलं नाही. बारा बेंचवर बसलेला माणूस ते सांगतो. म्हणून काकांना सांगा, ती घसरण नाही, त्याने जे कमावलं ते खर्च करायची हीच जागा आहे.

आता आपल्या पोऱ्याचं. आपल्याकडे तशी फिरत खेळायची फारशी सोय नाही, यूबीए नावाची बास्केटबॉल लीग 2015 ते 2017 चालली आणि थांबली. इथे खेळाडू पोटाला लागतो तो रेल्वे, ओएनजीसी, सैन्यदल, पोलीस अशा टीममध्ये. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी सर्टिफिकेट क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावं लागतं, ते काम नोकरीची जाहिरात निघेपर्यंत ठेवू नका. बारावीच्या सवलतीच्या गुणांचं पण शाळेत आजच विचारा. खेळू द्या त्याला, पण ग्रॅज्युएशन सोडू नका, कारण त्याशिवाय बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, नाही आणि बीपीएडशिवाय शाळेत पीटीची नोकरी अवघड. कोचिंग खरंच आवडलं तर पुढे पटियालाला एनआयएस या सरकारी क्रीडा संस्थेचा कोचिंगचा सहा आठवड्यांचा कोर्स आहे, वर्षाचा डिप्लोमा पण आहे.

आवडतं का हे मात्र आत्ताच बघता येईल. परीक्षा झाली की त्याला गावातली सहावी-सातवीची दहा-बारा पोरं महिनाभर शिकवू द्या, पोरी पण घ्या त्यात, नुसतं ड्रिबल (टप्पे देत बॉल नेणं) आणि लेअप (धावत जाऊन जवळून बास्केट करणं), आणि ज्या पोराला सगळ्यात कमी जमतं त्याच्याजवळ हा किती वेळ थांबतो ते तुम्ही लांबून बघा. फक्त सकाळी सहालाच बोलवा, मे महिन्यात नऊनंतर आपल्याकडे सिमेंटवर उभं राहवत नाही.