हलका पार्टिकल बोर्ड, कमी लाकूड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सांगलीजवळ आमचा मॉड्युलर किचनचा लहान कारखाना आहे. आठ बाय चार फुटांचा, १८ मिलिमीटर जाडीचा प्री-लॅम (वर सजावटीचा थर आधीच चिकटवलेला) पार्टिकल बोर्ड एकट्या माणसाला हाताळता येत नाही आणि वजनामुळे वाहतुकीचा खर्चही वाढतो. युरोपात याच जाडीचे, पण पाऊण वजनाचे बोर्ड तयार होतात असे ऐकले आहे. लाकूड कमी घातल्यावर बोर्ड कमकुवत होत नाही का?
– एक फर्निचर व्यावसायिक

उत्तर : पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे कण रेझिन या चिकटद्रव्याने जोडून दाबलेला बोर्ड; त्यात लाकूड सरसकट कमी घातले तर तो निश्चितच कमकुवत होतो. मात्र ते बोर्डाच्या कोणत्या भागातून कमी करायचे हे विचारपूर्वक ठरवले, तर नुकसान बरेच आटोक्यात राहते. आपण म्हणता त्या बोर्डाचे घनफळ सुमारे ०.०५४ घनमीटर असते. घनता घनमीटरला ६८० किलो धरली तर त्याचे वजन ३६ किलोंच्या पुढे जाते; ती ५०० किलोंवर आणली तर २७ किलोंच्या आसपास राहते.

फळीवर भार आला की तिचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि वाकण्याला होणाऱ्या विरोधात मधल्या थराचा वाटा अगदीच थोडा असतो. स्वित्झर्लंडचे फ्रेड फार्नी यांनी १९४०च्या दशकात तीन थरांचा बोर्ड पुढे आणला तो याच विचाराने, आणि आजही बारीक कण व अधिक रेझिन बाहेरच्या थरांत, तर जाड कण व कमी रेझिन मधल्या थरात अशीच विभागणी केली जाते. त्यामुळे ६८० ही केवळ सरासरी असते. पृष्ठभागालगतची घनता ९००च्या घरात आणि मध्यावरची ६००च्या खाली असू शकते. हॉट प्रेस (कण तापवून दाबणारे यंत्र) लवकर मिटवली तर अगोदर तापून मऊ झालेले बाहेरचे थर अधिक दाबले जातात आणि मधला थर विरळ राहतो. सावकाश मिटवली तर हा फरक कमी होतो. हलका बोर्ड करणारा कारखानदार ही तफावत मुद्दाम वाढवतो.

अडचण येते ती मधल्या थरातच, कारण तो वाकण्याला फारसा विरोध करत नसला तरी दोन्ही पृष्ठभागांना जोडून तोच धरतो आणि स्क्रूही त्यातच रुततो. कण चिकटण्यासाठी नुसते रेझिन पुरत नाही, दाबाखाली ते एकमेकांना भिडावे लागतात. म्हणून बोर्डाची घनता मूळ लाकडाच्या घनतेपेक्षा थोडी तरी जास्त असावी लागते. निलगिरीसारख्या घनमीटरला ६०० किलो किंवा त्याहून जड लाकडापासून ५०० किलोंचा बोर्ड करायला गेले तर कणांमध्ये पोकळ्या राहतात आणि मधला थर हाताने उकलावा इतका कच्चा होतो. पॉपलर ४०० ते ४५० किलोंच्या आसपास असल्याने त्याच्यापासून तोच बोर्ड बऱ्यापैकी जमतो. थोडक्यात, हलका बोर्ड हवा असेल तर लाकूडही हलके निवडावे लागते, आणि लाकूड जडच मिळत असेल तर कणांमधल्या पोकळ्या दुसऱ्या कशाने तरी भराव्या लागतात. जर्मनीतील बीएएसएफ कंपनीच्या ‘काउरिट लाइट’ या पद्धतीत मधल्या थरात फुगणाऱ्या पॉलिमरचे दाणे मिसळले जातात आणि त्यामुळे वजन ३० टक्क्यांपर्यंत घटते असे कंपनी सांगते. युक्ती नामी आहे. पण लाकडात प्लास्टिक मिसळले की जुन्या बोर्डाचा पुनर्वापर किचकट होतो, हेही हिशेबात धरायला हवे.

आपल्यासाठी एक साधा पर्यायही आहे. कपाटातल्या फळीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १८ऐवजी २२ मिलिमीटर जाडी घेतली तर तो सुमारे १.८ पट होतो. म्हणजे हलक्या बोर्डाचा मूळचा ताठरपणा ४५ टक्क्यांनी कमी असला, तरी फळीला येणारा झोळ जवळपास तेवढाच राहतो. आणि ५०० किलो घनतेचा २२ मिलिमीटर बोर्ड चौरस मीटरला ११ किलो भरतो, तर आपला नेहमीचा १८ मिलिमीटर बोर्ड १२ किलोंहून थोडा अधिक. बचत थोडीच आहे, शिवाय एजबँडची (कडेला चिकटवायच्या पट्टीची) रुंदी आणि चॅनेलची (ड्रॉवर सरकण्याच्या पट्ट्यांची) मापे बदलावी लागतात. माझ्या मते लांब फळ्यांसाठी हा मार्ग योग्य आहे, किचनच्या कपाटांच्या खोक्यांसाठी नाही.

प्रश्न : आमच्याकडे कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या जाळून टाकतात. पऱ्हाटीपासून किंवा उसाच्या बगॅसपासून (रस काढल्यावर उरलेल्या चिपाडापासून) बोर्ड केला तर लाकूडही वाचेल आणि बोर्डही हलका होईल, हे खरे आहे का?
– एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : लाकूड वाचते, यात शंका नाही. पऱ्हाटीची घडण बरीचशी कठीण लाकडाजवळ जाणारी असून तिच्यापासून बोर्ड करण्याचे तंत्र मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केले आहे. खरी अडचण संकलनाची आहे. पऱ्हाट्यांच्या मोळ्या जागा फार व्यापतात आणि वजन थोडे भरते, त्यामुळे लांबून आणणे परवडत नाही. शिवाय त्यांचे ढीग तसेच पडून राहिले तर बोंडांमध्ये राहिलेल्या गुलाबी बोंडअळीला आयता आसरा मिळतो. म्हणून शेताजवळच यंत्राने तुकडे करून ते लगेच कारखान्याकडे पाठवणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

बगॅसचे कण हलके आणि सहज दबणारे असल्याने कमी घनतेतही ते एकमेकांना चांगले भिडतात, त्यामुळे हलक्या बोर्डासाठी तो मुळातच सोयीचा आहे. सोलापूर जिल्ह्यात वेळापूर येथे बगॅसपासून पार्टिकल बोर्ड करणारा कारखाना पूर्वीच उभा राहिलेला आहे. परंतु बगॅसमधला मऊ गाभा अगोदर वेगळा काढावा लागतो, कारण तो रेझिन पिऊन टाकतो, बोर्डाच्या मजबुतीत काही भर घालत नाही आणि ओल लागली की फुगतो. चरकातून निघालेल्या बगॅसमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी आणि थोडी साखरही उरलेली असते, त्यामुळे तो साठवणीत आंबतो. गाळप चालते चार-पाच महिने आणि बोर्डाच्या कारखान्याला माल लागतो बारा महिने. त्यातच सहवीजनिर्मिती सुरू झाल्यापासून साखर कारखान्याला तोच बगॅस बॉयलरसाठी हवा असतो. बगॅसचे बोर्ड बाजारात कमी दिसतात त्यामागे तंत्रापेक्षा या मालाच्या ओढाताणीचा भाग मोठा आहे, असे मला वाटते.

प्रश्न : हलक्या बोर्डात स्क्रू पकडत नाही अशी तक्रार ऐकू येते. बोर्ड घेताना काय पाहावे?
– एक सुतार, पेण

उत्तर : तक्रार रास्त आहे, विशेषतः बोर्डाच्या कडेत मारलेल्या स्क्रूच्या बाबतीत, कारण तो पूर्णपणे विरळ मधल्या थरात जातो. जाड आट्यांचा पार्टिकल बोर्डाचा स्क्रू वापरावा, त्यासाठी योग्य मापाचे बारीक भोक आधी पाडावे आणि तो ड्रिलने शेवटी जोर लावून फिरवू नये. एकदा आटे फिरले की तिथली पकड गेलीच. ऑटो हिंजसाठीचे (कपाटाच्या दाराच्या आत बसणाऱ्या बिजागरीसाठीचे) ३५ मिलिमीटरचे भोक सुमारे दोन-तृतीयांश जाडी खाऊन टाकते, म्हणून जड शटरला हलका बोर्ड घेऊ नये. आतून आडव्या नळ्यांसारख्या पोकळ्या असलेला ट्यूब्युलर बोर्ड याहूनही हलका असतो, पण तो दाराच्या आत भरण्यासाठी असतो. कुलूप आणि बिजागरीच्या जागी भरीव लाकडाची चौकट हवीच.

खरेदीच्या वेळी ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा, १८ मिलिमीटर जाडीचा तुकडा कापून घ्यावा व काट्यावर ठेवावा. तो १ किलो १०० ग्रॅमच्या आसपास भरला तर घनता ६८० आहे, ८०० ग्रॅमच्या आसपास भरला तर ५००. भारतीय मानक आयएस ३०८७ मध्यम घनतेच्या बोर्डासाठी ५०० ते ९०० ही मर्यादा घालते, म्हणजे ८०० ग्रॅमचा तुकडा अगदी काठावर असतो. त्यानंतर कापलेल्या कडेच्या मध्यावर नखाने खरवडून पाहावे. कण सुटून खाली पडू लागले, तर तो बोर्ड मागील पडद्यासाठी ठेवावा, खोक्याच्या बाजूंसाठी घेऊ नये.