हिवाळ्यात यलो अलर्ट आला की गुऱ्हाळवाल्यानं नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की शिरोळ तालुक्यात यंदाच गुऱ्हाळ चालवायला घेतलंय, डिसेंबर-जानेवारीत फोनवर यलो अलर्ट येतो, दोनदा काहीच झालं नाही म्हणून तिसऱ्यांदा लक्ष दिलं नाही आणि अर्ध्या तासात अंगणातलं सगळं चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा, आपलं जळण) भिजलं, तर या अलर्टवर विश्वास किती ठेवायचा आणि असलं वादळ आधी ओळखायचं कसं.

माझं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे, वडिलांपासून चालत आलेलं, त्यामुळं अनुभवातनं सांगतो. आधी एक गोष्ट. अलर्टचा नुसता रंग बघून ठरवू नका, वेळही बघा. आणि आपल्याला आवरायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून एकदा मोजून ठेवा. माझ्याकडं अंगणात पसरलेलं चिपाड गोळा करून गंजी घालायला आणि ताडपत्री बांधायला चार माणसं असली तर दोन तास लागतात, दोनच माणसं असली तर साडेतीनच्या वर जातात. काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, रस ओतल्यापासून गूळ वाफ्यात (थंड करायच्या हौदात) उतरेपर्यंत एक आधण अडीच-तीन तास घेतं. आणि हवामान खात्याचा जो तात्काळ इशारा असतो, नाऊकास्ट म्हणतात तो, तो पुढच्या तीन तासांपुरताच असतो. म्हणजे तो इशारा आला आणि तुम्ही "हे एक आधण काढून मग बघू" म्हणालात तर तुमचे तीन तास तिथंच संपले. हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

२०२४ च्या डिसेंबरात माझं तेच झालं. ३० नोव्हेंबरच्या रात्री फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यावर आलं, टीव्हीवर बघितलं, म्हटलं ते तिकडं तमिळनाडूत, आपल्याला काय त्याचं. पण ते जमिनीवर येऊन विरलं तरी त्यातलं बाष्प कुठं जाणार, ते तमिळनाडू आणि कर्नाटक ओलांडून अरबी समुद्राकडं निघालं आणि त्याच आठवड्यात आपल्याकडं ढग आले, दक्षिण महाराष्ट्राला यलो अलर्ट होता. मी दुपारी तो वाचला होता. गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा आमचा कारागीर, म्हणाला ऊस तोडून पडलाय, एक आधण घालूया, मी हो म्हणालो. रस निम्मा आटला असेल, मळी काढून झाली होती, आणि कागलच्या बाजूनं गार वारा सुटला, धुराड्याचा धूर एकदम आडवा झाला आणि दहा मिनिटांत सरी. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, सारखं चिपाड लागतं हे तुम्हाला माहितच आहे, जाळ घालणारा जळव्या शेडखालचं कोरडं तेवढं टाकत राहिला, ते संपल्यावर ओलं घातलं तर नुसता धूर, डोळं उघडंना कुणाचं. काहिलीतली उकळी बसली ती परत काय चढली नाही. निम्म्यावर थांबलेल्या रसाचा गूळ होत नाही, काळा पडतो, रवा धरत नाही. ते आधण गेलं, पुढं दोन दिवस चिपाड वाळेपर्यंत गुऱ्हाळ बंद, आणि तोडलेला ऊस वजनाला आणि साखरेला उतरत गेला. अंदाज बरोबर होता, हे मला आजही बोचतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, दोनदा काहीच का झालं नाही. पिवळा रंग म्हणजे "लक्ष ठेवा", केशरी म्हणजे "तयारीत राहा", लाल म्हणजे "आता हालचाल करा". हा रंग पाऊस किती मिलिमीटर पडणार यावर नुसता नसतो, होण्याची शक्यता किती आणि झालं तर नुकसान किती हे दोन्ही मिळून ठरतो. आणि तो अख्ख्या जिल्ह्याला असतो, आपला जिल्हा गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत, एका टोकाला घाट आणि दुसऱ्या टोकाला सपाट मळा. अलर्टच्या मजकुरात "तुरळक ठिकाणी" असा शब्द असतो तो नीट वाचा, त्याचा अर्थ पाऊस तुरळक असा नाही, त्याचा अर्थ पाऊस नोंदवणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पडेल असा आहे, "काही ठिकाणी" म्हणजे पाव ते निम्मी, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे निम्म्याच्या वर. जिथं पडेल तिथं मात्र धो धो पडू शकतो. म्हणजे तुमच्याकडं दोनदा पडला नाही याचा अर्थ अलर्ट चुकला असा होत नाही, तेव्हा तो कदाचित हातकणंगल्यात नाहीतर राधानगरीत पडला असेल.

आधी कसं ओळखायचं ते सांगतो. चार-पाच दिवस आधी बघायचं ते बंगालच्या उपसागराकडं आणि अरबी समुद्राकडं, तिथं कमी दाबाचा पट्टा आहे का, आणि उत्तरेत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडनं येणारी हिवाळी पावसाची प्रणाली, चाललाय का. हिवाळ्यात आपल्याकडं पाऊस येतो तो बहुतेक या दोन-तीन कारणांनीच, समुद्रावरनं बाष्प आलं आणि वर थंड हवा असली की ढग उभे राहतात. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला राज्यात असाच पाऊस झाला होता, पुणे आणि नगर जिल्ह्यात पावसानं भिजून आणि गारठून मेंढ्या मेल्या, पावसाळ्यात मरत नाहीत एवढ्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर आठवत असेलच. त्यामुळं हिवाळ्यातला पाऊस म्हणजे दोन शिंतोडे असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

एक दिवस आधीची खूण म्हणजे थंडी जाते. पहाटे शेकोटी लागायची ती लागत नाही, किमान तापमान १५-१६ असतं ते एका रात्रीत २०च्या आसपास जातं, कारण वर ढगाचं पांघरूण येतं आणि हवेत बाष्प असतं. आमच्या आईची खूण वेगळी आहे, ती सकाळी कोठारात जाऊन गुळाच्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, नुसता हात फिरवते, हाताला चिकट लागलं, रव्याला घाम सुटल्यासारखा दिसला, की म्हणते आज चिपाड लांब पसरू नका. मी आधी याला मनावर घेत नव्हतो पण विचार केला तर बरोबरच आहे, गूळ हवेतलं पाणी ओढतो, हवेत ओल वाढली की त्याला पहिल्यांदा कळतं. गुळासारखं यंत्र नाही राव. त्या डिसेंबरातसुद्धा आई सकाळी बोलली होती.

त्याच दिवशी बघायचं ते वाऱ्याकडं. पावसाळ्यात आपलं सगळं गगनबावड्याकडनं, पश्चिमेकडनं येतं म्हणून आपली नजर आपोआप तिकडंच जाते, पण हिवाळ्यातलं आणि वळवाचं बहुतेक वेळा पूर्वेकडनं नाहीतर दक्षिणेकडनं येतं. नेहमीच असं नाही, विक्षोभ असला तर ढग उलट्या दिशेनंही सरकतात, म्हणून एकाच बाजूला बघत बसू नका. माझा निपाणीत एक पाहुणा आहे, तिथनं आमचं गाव सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटर, ढग ताशी तीस-चाळीसनं चालला तर तासाभरात इथं. तो फोन करतो, "गडगडाय लागलंय दाजी, आवरा." त्याच्या फोनवर मी घाणा (ऊस गाळायचा चरक) बंद करतो, उरलेला ऊस तसाच ठेवतो. दहातल्या चार वेळेला इकडं काही येत नाही, चालतंय, चार वेळेला फुकट आवरलेलं परवडतं.

मोबाईलवर 'मौसम' ॲप ठेवा, जिल्ह्याचा अलर्ट आणि नाऊकास्ट त्यात दिसतो. विजेसाठी 'दामिनी' ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलंय, तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडतीय का ते दाखवतं. शेतीसाठी 'मेघदूत' आहे. व्हॉट्सअपवर फिरणारा इशारा मात्र तारीख बघितल्याशिवाय पुढं ढकलू नका, दोन-दोन वर्षांपूर्वीचे फोटो फिरतात आणि दोनदा खोटं निघालं की तिसऱ्यांदा खऱ्यालाही कुणी विचारत नाही. त्यानं जीव जाऊ शकतो, म्हणून एवढ्या कळकळीनं सांगतोय.

आता माझी पद्धत. सकाळी पिवळा असेल तर चिपाड पसरतो पण शेडच्या जवळच, निम्मं अंगण मोकळं ठेवून, आणि ताडपत्री घडी घालून गंजीपाशी आणून ठेवतो, दोर बांधलेला. शेडखाली दोन आधणं निघतील एवढं कोरडं जळण कायम शिल्लक, त्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. ऊसही त्या दिवशी एका आधणापुरताच तोडायचा. नाऊकास्ट आला की नवीन आधण नाही, चालू असलेलं तेवढं उतरवायचं. केशरी असेल तर गुऱ्हाळ लावतच नाही, गुळव्यानं कितीही म्हटलं तरी नाही, त्या दिवसाची मजुरी मी देतो.

गुऱ्हाळात विजेचं एक लक्षात ठेवा. आपलं धुराडं म्हणजे शेतातली सगळ्यात उंच वस्तू, आणि पाऊस आला की सगळी माणसं ऊब म्हणून चुलवाणापाशीच गोळा होतात, बरोबर त्याच्या बुडाशी. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड म्हणजे आसरा नव्हे. पक्कं घर जवळ असेल तर तिकडं जायचं, नसेल तर काचा बंद केलेली चारचाकी चालते. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर, पण खरं सांगायचं तर आवाज ऐकू आला म्हणजेच आपण टप्प्यात आलो, आणि शेवटचा आवाज होऊन अर्धा तास होईपर्यंत बाहेर पडायचं नाही. घाण्याची मोटर वारा सुटायच्या आधीच बंद करा, पाऊस सुरू झाल्यावर ओल्या हातानं स्टार्टरला जाऊ नका.

शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. तुमच्या शिवारात बीडकडनं आलेल्या ऊसतोड टोळ्या असतील, मोकळ्या रानात कोप्या, म्हणजे कागद-पाचटाच्या झोपड्या, घालून. त्यांच्या फोनचं चार्जिंग दुपारपर्यंत संपलेलं असतं आणि दिवसभर ते उसाच्या फडात. त्या डिसेंबरात आमचं चिपाड भिजलं हे मी मघापासून सांगतोय, पण रात्री ओढ्याकडं गेलो तर एका कोपीचा कागद उडालेला, बाई ज्वारीच्या पिठाचं डबडं पोटाशी धरून बसलेली आणि पोरगं ओल्या वाकळेत. त्यांना आम्ही गूळ ठेवायच्या खोलीत आणलं. अलर्ट मी दुपारी वाचला होता आणि त्यांच्यापर्यंत तो कुणीच पोचवला नव्हता, मीसुद्धा नाही. आता नाऊकास्ट आला की पहिला फोन टोळीच्या मुकादमाला आणि मग गुळव्याला, आणि एक खोली त्यांच्यासाठी मोकळी ठेवलेली असते.

तुम्ही शिरोळात आहात म्हणजे तुमचं दक्षिणेला चिक्कोडी आणि त्याच्या पूर्वेला रायबाग. तिकडं कुणी पाहुणा, व्यापारी, ट्रॅक्टरवाला ओळखीचा असेल तर त्याचा नंबर आजच घेऊन ठेवा, आणि उद्या सकाळी चिपाड गोळा करायला किती वेळ लागतो ते एकदा मोजा, दोन माणसांनी आणि चार माणसांनी.