‘आफ्रिकन वंशाच्या स्त्रिया’ : वंश, वर्ण की मूळ?

स्त्रियांच्या आरोग्यविषयक एका छोट्या मासिकासाठी लेखन करणाऱ्या एका भगिनींनी एक वाक्य पाठवून त्यावर मत विचारले आहे : ‘आफ्रिकन वंशाच्या स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या आक्रमक स्तनकर्करोगावर आंतरराष्ट्रीय भागीदारीतून संशोधन सुरू आहे.’ त्यांच्या संपादकांना ‘वंश’ हा शब्द खटकतो. त्यातून वंशवादाचा वास येतो, म्हणून तेथे ‘कृष्णवर्णीय स्त्रिया’ असे घालावे, अशी त्यांची सूचना आहे. भगिनींना हा बदल पटत नाही, पण का पटत नाही हे नेमके सांगता येत नाही. ‘आक्रमक’ या शब्दाविषयीही त्या साशंक आहेत.

संपादकांना शब्द खटकला हे योग्यच झाले, मात्र त्यांनी सुचवलेला उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे, असे माझे मत आहे. त्याचे कारण शब्दकोशात कमी आणि या संशोधनातच अधिक सापडते.

संस्कृतात ‘वंश’ म्हणजे मुळात बांबू, आपला वेळू. वंशलोचन हे बांबूच्या पेरात सापडणारे द्रव्य आपण सितोपलादि चूर्णातून नकळत खात असतो, आणि ‘पृष्ठवंश’ म्हणजे पाठीचा कणा, हेही त्याच प्रतिमेतून आलेले आहे. एका पेरावर दुसरे पेर चढत सरळ वर जाणारी काठी, त्याप्रमाणे बापानंतर मुलगा आणि मुलानंतर नातू, अशी ही कल्पना आहे. सूर्यवंश, यदुवंश, वंशावळ, निर्वंश, वंशाचा दिवा या सर्व शब्दांत ती एकच काठी दिसते. पुढे मानववंशशास्त्रासारख्या शब्दांतून याच ‘वंशा’वर दुसरा भार आला : साऱ्या मानवजातीचे रंगरूपावरून पाडलेले ढोबळ गट. परिणामी, एका घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळ आणि खंडच्या खंड व्यापणारा मानवगट, अशा दोन अगदी वेगळ्या गोष्टींना आज मराठीत एकच शब्द आहे. रोजच्या बोलण्यात त्याने फारसे अडत नाही. येथे मात्र अडते, कारण या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढणे हेच ज्या संशोधनाचे काम आहे, त्याविषयीचे हे वाक्य आहे.

ते संशोधन काय आहे ते थोडक्यात पाहू. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होण्याचे प्रमाण गौरवर्णीय स्त्रियांपेक्षा किंचित कमीच असते, पण त्याने मृत्यू येण्याचे प्रमाण मात्र सुमारे ४० टक्क्यांनी अधिक असते. उशिरा होणारे निदान, विम्याचा अभाव आणि उपचारांतील दिरंगाई ही त्याची मोठी कारणे आहेतच. परंतु ज्याला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात (या नावाचा अर्थ पुढे येईलच) तो झपाट्याने वाढणारा प्रकारही या स्त्रियांत सुमारे दुप्पट आढळतो, आणि त्याचा उलगडा केवळ गरिबीने होत नाही. मग तो आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांशी जोडलेला आहे का? हे पाहण्यासाठी शल्यचिकित्सक लिसा न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातून घानातील कुमासी येथील कोम्फो अनोक्ये अध्यापन रुग्णालयाशी सहकार्य सुरू केले, आणि पुढे इथिओपियातील अदिस अबाबा येथील रुग्णालयही त्यात आले. नायजेरियात जन्मलेल्या आणि इबादान येथे शिकलेल्या डॉ. ओलुफुन्मिलायो ओलोपाडे यांनी शिकागो विद्यापीठ आणि इबादान यांच्यामध्ये असाच पूल बांधला आहे.

कुमासी आणि अदिस अबाबा ही दोन्ही गावे आफ्रिकेतलीच. न्यूमन यांच्या गटाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत ट्रिपल निगेटिव्ह प्रकाराचे प्रमाण घानातील रुग्ण स्त्रियांत सुमारे ५३ टक्के, अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांत सुमारे ३० टक्के आणि गौरवर्णीय अमेरिकन स्त्रियांत साधारण साडेपंधरा टक्के निघाले. इथिओपियातील स्त्रियांत ते किती असावे? १५ टक्के, म्हणजे जवळजवळ गौरवर्णीय अमेरिकन स्त्रियांइतकेच. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून ‘आफ्रिकन वंशाच्या स्त्रियांमध्ये आढळणारा’ हे शब्द पुन्हा वाचून पाहावेत. इथिओपियातील स्त्री आफ्रिकन नाही असे कोण म्हणेल? आणि ‘कृष्णवर्णीय’ केले तर ती त्यातही बसते. म्हणजे भगिनींच्या वाक्यातला शब्द सैल आहे आणि संपादकांचा शब्द त्याहून सैल. जे वेगळे निघाले तेच दोन्ही शब्द पुन्हा एकत्र बांधतात.

या फरकामागे इतिहास आहे. अटलांटिकपलीकडे गुलाम म्हणून नेलेली माणसे प्रामुख्याने आफ्रिकेच्या पश्चिम आणि मध्य-पश्चिम भागातून नेली गेली. घानाच्या किनाऱ्यावरील एल्मिना आणि केप कोस्ट येथील किल्ले त्याची साक्ष देत आजही उभे आहेत. पूर्वेकडील इथिओपिया त्या वाटेवर नव्हता. तेथून माणसे निघाली ती तांबड्या समुद्रावाटे अरबस्तानाकडे आणि काही आपल्याकडे. मराठीतला ‘हबशी’ हा शब्द ‘हबश’ म्हणजे आजच्या इथिओपियाच्या परिसरावरून आला आहे, आणि तेथे जन्मलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता होऊन गेला. जंजिऱ्याच्या मुलखाला तर ‘हबसाण’ असे नावच पडले होते. गंमत अशी की, एका विशिष्ट देशावरून आलेला हा शब्द आपण पुढे आफ्रिकेतून आलेल्या कोणत्याही माणसाला सरसकट लावू लागलो. ‘आफ्रिकन वंश’ म्हणताना आपण नेमके तेच करतो, केवळ शब्द अधिक सभ्य वाटतो इतकेच.

जनुकांच्या पातळीवर हा फरक कसा दिसतो, याचे एक उदाहरण शब्दांची आवड असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. तांबड्या रक्तपेशींवर ‘डफी’ नावाचे एक प्रथिन असते. १९५० साली ते ज्या रुग्णाच्या रक्तावरून ओळखले गेले त्याचे आडनाव डफी, म्हणून हे नाव पडले. पश्चिम आफ्रिकेत बहुतेक सर्व माणसांच्या तांबड्या पेशींवर हे प्रथिन नसतेच, कारण ते नसले की व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाच्या परजीवीला पेशीत शिरायला सहसा दार उरत नाही. हजारो वर्षांच्या हिवतापाने निवडून ठेवलेला हा जनुकीय बदल न्यूमन आणि जनुकशास्त्रज्ञ मेलिसा डेव्हिस यांच्या गटाला ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगाशीही संबंधित असल्याचे दिसले. त्याच्या मागावर असलेला शास्त्रज्ञ स्त्रीचा रंग पाहत नाही, तिच्या जनुकसंचाचा किती भाग कोणत्या प्रदेशातून आलेला आहे हे मोजतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत आफ्रिकी वारशाचे प्रमाण सरासरीने तीन-चतुर्थांशाच्या आसपास येते, आणि व्यक्तीगणिक ते पुष्कळ बदलते. एखादी व्यक्ती अमुक वंशाची ‘असते’ किंवा ‘नसते’, तिला तीन-चतुर्थांश वंशाची म्हणता येत नाही. जी गोष्ट टक्क्यांत मोजतात तिला ‘वंश’ हा शब्द लावता येत नाही, ही माझी त्यावरची सर्वांत मोठी हरकत आहे.

मग कोणता शब्द घ्यावा? माझ्या मते ‘मूळ’. आपल्याकडे नव्या माणसाची ओळख होताच ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असा प्रश्न येतो, आणि ‘राहतो ठाण्यात, पण मूळचे राजापूरचे, आजोळ सांगलीकडचे’ असे उत्तर कोणी दिले तर कोणालाही आश्चर्य वाटत नाही. मुळे अनेक असू शकतात, कमीअधिक खोल असू शकतात, आणि ती एखाद्या प्रदेशात असतात, रंगात नसतात. ‘पश्चिम आफ्रिकी मूळ असलेल्या स्त्रिया’ असे म्हटले की इथिओपियाचा घोटाळा आपोआप टळतो. मोजमापाचाच संदर्भ असेल तेथे ‘पश्चिम आफ्रिकी जनुकीय वारशाचे प्रमाण’ असे सविस्तर लिहावे, लांबीला भिऊ नये. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे बजावून ठेवलेले आहे. ही संशोधक मंडळी नेमके तेच शोधायला निघाली आहेत, आणि नदीच्या मुळाशी जावे तसे त्यांनाही एका झऱ्याऐवजी दहा ओहोळ सापडत आहेत.

‘कृष्णवर्णीय’ हा शब्द मी सर्वत्र टाकाऊ मानीत नाही, आणि वर मृत्युदर सांगताना मीच तो वापरला आहे. तो आकडा ज्या नोंदींवरून निघतो त्यांत स्त्रीची नोंद समाजात रूढ असलेल्या वर्णाच्या रकान्यात झालेली असते, आणि रुग्णालयाच्या दारात तिला मिळणारी वागणूकही त्याच ओळखीवरून मिळते. तेथे ‘मूळ’ म्हणणे म्हणजे भेदभावाची जबाबदारी जनुकांवर ढकलणे होईल. मोजणी वर्णाची असेल तर वर्ण लिहावा, जनुकांची असेल तर मूळ लिहावे.

‘वंश’ शब्दाचा आणखी एक काच आहे आणि तो आपल्या घरातला आहे. हा शब्द पुरुषांच्या ओळीने चालतो, त्यामुळे लेकीची मुले दुसऱ्याच वंशाची ठरतात. कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए-१ जनुकातील बदल मात्र आईकडून किंवा बापाकडून, दोहोंकडून सारख्याच शक्यतेने येतो. माझ्या आत्याला एकदा तपासणीपूर्वी एक छापील प्रश्नावली भरायची होती, आणि तीत ‘आपल्या घराण्यात कोणास स्तनाचा कर्करोग झाला आहे काय?’ असा प्रश्न होता. तिने तत्काळ सासूचे नाव लिहिले, आणि स्वतःच्या वडिलांच्या दोन्ही बहिणी मात्र सोडून दिल्या, कारण लग्न होऊन चाळीस वर्षे झालेल्या स्त्रीचे घराणे म्हणजे सासर. प्रश्न शुद्ध मराठीत होता, उत्तरही प्रामाणिक होते, आणि दोन्ही मिळून उपयोग शून्य झाला. ‘तुमचे आई-वडील, आजी-आजोबा, मावश्या, आत्या, काका, मामा, सख्खी भावंडे’ असे नात्यांची नावे घेऊन विचारले असते तर काम झाले असते. याच ओघात भगिनींना एक सुचवतो : ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. जनुकांत बिघाड झाल्यावाचून कर्करोग होत नाही, म्हणून प्रत्येक कर्करोग जनुकीय असतो. आई-बापांकडून आलेला, म्हणजे आनुवंशिक बदल मात्र त्यांतल्या थोड्यांतच असतो.

आता ‘आक्रमक’. फलंदाजापासून विरोधी पक्षापर्यंत सर्वांना लागून हा शब्द आधीच बोथट झाला आहे, पण खरी अडचण ती नाही. स्तनातील दुग्धनलिकेची भिंत ओलांडून शेजारच्या ऊतींत शिरलेल्या कर्करोगाला डॉक्टर ‘इनव्हेसिव्ह’ म्हणतात. ‘आक्रमण’ म्हणजे पुढे पाऊल टाकून दुसऱ्याच्या हद्दीत शिरणे, तेव्हा अर्थाने ‘आक्रमक’ हा शब्द या इनव्हेसिव्हला अधिक शोभतो, आणि काही जण तसा तो वापरतातही. निदान होणाऱ्या स्तनकर्करोगांपैकी बहुसंख्य या अर्थाने शिरकाव केलेलेच असतात, आणि त्यांतले पुष्कळसे संथ वाढणारे व उपचारांना उत्तम दाद देणारे असतात. अहवालातील ‘इनव्हेसिव्ह’चे मराठी ‘आक्रमक’ असे ऐकून हातपाय गाळलेली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून इनव्हेसिव्हसाठी ‘शिरकाव केलेला’ म्हणावे, आणि जोमाने वाढून लवकर पसरण्याच्या प्रवृत्तीसाठी ‘जहाल’ हा आपला जुना शब्द वापरावा. जहाल विष, जहाल औषध यांत तो तिखट आहेच, शिवाय टिळक-गोखल्यांच्या काळापासून त्याला ‘मवाळ’ हा तयार जोडीदार मिळालेला आहे. जहाल गाठ आणि मवाळ गाठ म्हटले की आणखी काही समजावून सांगावे लागत नाही.

‘ट्रिपल निगेटिव्ह’चे ‘तिहेरी नकारात्मक’ करण्याच्या भरीस पडू नये. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही (म्हणजे त्यांना पकडून घेणारी पेशीतील प्रथिने) आणि हर-टू हे प्रथिन, या तिन्ही खुणा गाठीच्या पेशींवर सापडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्या खुणांना धरून दिली जाणारी टॅमॉक्सिफेन किंवा ट्रॅस्टुझुमॅबसारखी औषधे त्यामुळे निरुपयोगी ठरतात. आपल्याकडे, विशेषतः करोनानंतर, ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला’ ही आनंदाची बातमी असते, तेव्हा तीन-तीन निगेटिव्ह आल्यावर एखाद्याने पेढे आणले तर त्याला दोष देता येणार नाही. म्हणून इंग्रजी नाव तसेच ठेवून पहिल्या उल्लेखापाशी अर्थ सांगावा, आणि सांगताना ‘नाहीत’ ऐवजी ‘सापडत नाहीत’ असेच लिहावे. गाठीचा काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रवात पडला नाही तर असलेला ग्राहीही तपासणीत दिसेनासा होऊ शकतो. आफ्रिकेतील जुन्या आकड्यांविषयी याच कारणाने शंका घेतल्या गेल्या, आणि तुकडा घेण्यापासून तपासणीपर्यंतचे प्रशिक्षण हा कुमासीतील सहकार्याचा महत्त्वाचा भाग होण्यामागेही हीच निकड होती.

‘भागीदारी’ हा शब्द दुकानाच्या पाटीवरून आलेला असला तरी मला तो ‘सहयोगा’पेक्षा बरा वाटतो. भागीदाराला वाटा मागता येतो, सहयोगी मात्र नुसते नमुने पाठवत राहिला तरी सहयोगीच म्हणवला जातो.

एकूण वाक्य मी असे करीन : ‘पश्चिम आफ्रिकी मूळ असलेल्या स्त्रियांमध्ये अधिक प्रमाणात आढळणाऱ्या जहाल, ट्रिपल निगेटिव्ह प्रकारच्या स्तनकर्करोगावर घाना, नायजेरिया, इथिओपिया आणि अमेरिका येथील संशोधक भागीदारीने काम करीत आहेत.’ यात ‘अधिक प्रमाणात’ हे दोन शब्द मी मुद्दाम घातले आहेत. ते नसतील तर हा रोग त्या स्त्रियांनाच होतो असे वाचले जाईल, आणि भगिनींचे मासिक वाचणारी इकडची एखादी बाई निर्धास्त होऊन स्वतःच्या गाठीकडे दुर्लक्ष करील.