अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर चौघांचं कुटुंब, पगार १ लाख १० हजार डॉलर, त्यातले ६,००० निवृत्तीच्या ४०१-के खात्यात: फेडरल टॅक्स किती बसेल? डेकेअरचं आणि घराचं काही सुटतं का?

घराचं आधी सांगतो, कारण घर घेतलं की टॅक्स वाचतो हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

माझे साडू इथेच न्यू जर्सीत राहतात. त्यांनी घर घेतल्यापासून सासऱ्यांसमोर एकच टुमणं: "भाड्यात पैसे घालवताय, लोन काढा, व्याज सगळं सुटतं." भारतात जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाचे दोन लाखांपर्यंत सुटतात, तेच डोक्यात. शेवटी त्यांचा १०९८, म्हणजे बँकेचा व्याजाचा फॉर्म, मागून घेतला आणि त्यांच्याच डायनिंग टेबलावर शेड्यूल ए, म्हणजे एकेक वजावट मांडायचा फॉर्म, भरायला बसलो. साल २०२४. व्याज १३,४०० डॉलर. प्रॉपर्टी टॅक्स आणि स्टेट टॅक्स मिळून १६ हजारांच्या वर, पण या करांच्या वजावटीला त्या वर्षी मर्यादा १०,००० चीच. बेरीज २३,४००. जोडप्याला काहीही न करता मिळणारं स्टँडर्ड डिडक्शन २९,२००, आणि दोन्हींतलं एकच घेता येतं. म्हणजे घरामुळे एक सेंटही सुटला नाही. मेव्हणीने स्वतः बेरीज करून पाहिली. साडूंनी विषय बदलला, आणि पुढच्या भेटीत सासऱ्यांना पुन्हा तेच. याचा मला खरोखर राग येतो, कारण असं ऐकून लोक झेपत नाही एवढं कर्ज काढतात. घर राहायला घ्या, टॅक्ससाठी घेऊ नका.

आता तुमचं, २०२५ चं. ४०१-केमध्ये ६,००० टाकता म्हणालात, म्हणजे डब्ल्यू-२ च्या (कंपनीकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा फॉर्म) पहिल्या चौकटीत १,०४,०००. नवरा-बायकोचं जॉइंट रिटर्न भरा, स्टँडर्ड डिडक्शनचे ३१,५०० वजा, उरले ७२,५००. पहिल्या २३,८५० वर १० टक्के, बाकीवर १२. झाले साधारण ८,२२०. यातून इथे जन्मलेल्या मुलीच्या चाइल्ड टॅक्स क्रेडिटचे २,२०० थेट कमी होतात. मोठ्या मुलाकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, त्यामुळे त्याचे फक्त ५००, आणि तेही आयटीआयएन, म्हणजे एसएसएन नसलेल्यांचा टॅक्स नंबर, काढलात तर. त्याचा अर्ज, डब्ल्यू-७, रिटर्नसोबतच जोडा. शेवटी साडेपाच हजारांच्या आसपास. डेकेअरचं क्रेडिट विसरा. पत्नी एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा) घरी असेल तर ते मिळत नाही. दोघांचीही कमाई लागते, किंवा ती पूर्णवेळ शिकत असली पाहिजे.

एक मात्र खरं, २०२५ पासून ती १०,००० ची मर्यादा ४०,००० झाली आहे. प्रॉपर्टी टॅक्स जबर असलेल्या गावात मोठं व्याज भरणाऱ्याला आता आयटमाइझ करणं, म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन सोडून एकेक वजावट दाखवणं, परवडू शकतं. तरी फायदा ३१,५०० च्या वर जेवढं जाईल तेवढ्यावरच, आणि तुम्हाला त्यातले १२ टक्के. साडूंनाही मी हेच सांगितलंय.

स्टेट टॅक्स यात धरलेला नाही. आणि भारतात एनआरई एफडी (परदेशातल्या कमाईची अनिवासी भारतीयांची मुदत ठेव) असेल तर तिचं व्याज तिकडे करमुक्त असलं तरी इथे उत्पन्नात दाखवावंच लागतं, तेवढ्याने वरचे आकडे बदलतील.